नागपूर जिल्ह्यातले लांब मिशांचे भुंगेरे: ओळख कशी पटवावी, नोंद कशी ठेवावी

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला की नागपूरकडच्या गावांत ओसरीच्या दिव्यावर एखादा बोटभर लांबीचा तपकिरी भुंगेरा येऊन आपटतो. मिशा अंगाएवढ्या, कधी दीडपट. हातात धरला की मान वरखाली करत किरकिर आवाज काढतो. हा सेरॅम्बिसिडी कुळातला, म्हणजे लांब मिशांचा भुंगेरा. जगभरात या कुळाच्या 35,000 हून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यातली एक विदर्भातल्या प्रत्येक सोयाबीनवाल्याला माहीत असते, फक्त ती या कुळातली आहे हे माहीत नसतं. ती म्हणजे चक्रीभुंगा.

नव्याने सुरुवात करणारा बहुतेक वेळा आधी नावाच्या मागे लागतो, आणि तिथेच घोळ होतो. नाव चुकलं तर पाच वर्षांनीही दुरुस्त करता येतं. तारीख, जागा आणि झाड लिहायचं राहिलं तर ते परत मिळत नाही. म्हणून खालच्या पायऱ्यांत नावाचा नंबर उशिरा लागतो. तो क्रम मोडू नका.

1. आधी कूळ नक्की करा

मिशा लांब आहेत एवढ्यावर भागत नाही. 10 पटीचं भिंग घ्या आणि तीन जागा पाहा.

डोळा: मिशी जिथून निघते तिथे डोळ्याला खाच असते, त्यामुळे डोळा गोल न दिसता राजम्याच्या दाण्यासारखा दिसतो. काही जातींत ही खाच इतकी खोल जाते की डोळ्याचे दोन तुकडेच होतात.

मिशी: बहुधा 11 पेरांची, आणि पाठीवरून मागे वळवता येईल अशी. मिशीचं बूड उंचवट्यावर बसलेलं असतं.

पाऊल: वरवर पाहता चारच पेरं मोजता येतात. तिसरं पेर दोन पाकळ्यांत फाटलेलं असतं आणि खरं चौथं पेर त्या पाकळ्यांत दडलेलं, अगदी बारीक. एकूण पेरं पाच. पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांचं पाऊलही असंच असतं, कारण ते यांचे जवळचे नातेवाईक. तेव्हा पाऊल आणि डोळा दोन्ही एकत्र पाहा.

फसवणारे कीटक बरेच आहेत. पावसाळ्यात चवळी-तुरीच्या फुलांवर काळ्या-नारिंगी पट्ट्यांचे मऊ अंगाचे भुंगेरे दिसतात. ते फोडभुंगेरे. त्यांना उघड्या हाताने धरू नका, त्यांच्या अंगातल्या द्रवाने कातडीवर फोड येतात. दिव्यावर येणारा मुंगीसारखा, काळा-नारिंगी, आखूड पंखांचा बारीक कीटकही तसाच. तो अंगावर चिरडला की चट्टे उठतात, म्हणून तो झटकायचा, चिरडायचा नाही. रातकिडे आणि काही नाकतोडे यांच्याही मिशा लांब असतात, पण त्यांचे मागचे पाय उडीचे असतात आणि पाठीवर कडक पंखांची सरळ शिवण नसते.

उलटीही चूक होते. या कुळातल्या सगळ्यांच्याच मिशा लांब नसतात. दोडका-पडवळाच्या वेलावरचा ॲपोमेसायना हा ठेंगणा, आखूड मिशांचा भुंगेरा याच कुळातला आहे, आणि मिशा पाहून लोक त्याला हमखास सोडून देतात.

2. सोबत काय हवं

- 10 पटीचं घडीचं भिंग
- मिलिमीटरची पट्टी. व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तम
- पारदर्शक झाकणाच्या 8-10 डब्या, लहान-मोठ्या, प्रत्येकीत कागदाचा चुरगळलेला तुकडा
- मोबाइल, जमल्यास त्याला लावायचं मॅक्रो भिंग
- पक्क्या बांधणीची वही आणि शिसपेन्सिल. बॉलपेनची शाई पावसात पसरते
- फिक्या अस्तराची छत्री आणि हातभर काठी
- डोक्याला लावायची विजेरी
- पायात बूट. लाकडाच्या ढिगात विंचू आणि साप दोन्ही असतात, तिथे चप्पल चालत नाही.

डबीत एका वेळी एकच भुंगेरा ठेवा. दोन ठेवले तर सकाळी तुटलेल्या मिशा आणि पाय मिळतात. मोठ्या भुंगेऱ्याचे जबडे बोट फोडू शकतात, म्हणून त्याला बाजूंनी, छातीच्या मागे धरायचं.

कागदपत्रंही लागतात. शेतात जायचं तर मालकाला आधी विचारा, आणि फवारणी कधी झाली हेही विचारा. फवारा मारलेल्या वावरात त्या दिवसांत शिरू नका. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान किंवा व्याघ्र प्रकल्पात, म्हणजे पेंच, मानसिंगदेव, उमरेड-पवनी-कऱ्हांडला इथे, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय कीटक पकडता येत नाही. अर्ज मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नावे करायचा असतो. राज्याच्या वनविभागाचं मुख्यालय नागपुरातच, सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात आहे. इतर राखीव जंगलासाठी त्या विभागाच्या उपवनसंरक्षकांकडे जा. अर्जात हेतू, ठिकाणं, तारखा, माणसं किती, दिवा लावणार का आणि नमुने घेणार की फक्त फोटो, हे सगळं स्पष्ट लिहा. "अभ्यासासाठी" एवढंच लिहिलेला अर्ज मागे येतो.

सुरुवातीची दोन वर्षं तरी जंगलात जाण्याची गरज पडत नाही. धुऱ्यावरची झाडं, आमराई, सरपणाचे ढीग आणि गावचे दिवे एवढ्यावरच वही भरते.

3. कधी आणि कुठे शोधायचं

प्रौढ भुंगेरे बाहेर पडण्याचा मुख्य काळ जून ते ऑगस्ट. मेअखेरच्या वळवाच्या सरींनंतरही काही निघतात. पावसाने लाकूड ओलावलं आणि हवेत दमटपणा आला की आत तयार बसलेले प्रौढ भोक पाडून बाहेर येतात. म्हणून वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा आठवडा पहिल्या मोठ्या पावसानंतरचा. तो चुकवू नका.

*दिवा.* मोकळ्या जागी 6 बाय 4 फुटांचं पांढरं सुती कापड दोरीवर ताणा आणि त्याचा हातभर भाग जमिनीवर पसरू द्या, कारण जड भुंगेरे कापडावर न बसता खाली पडतात. समोर 160 वॅटचा मर्क्युरी दिवा किंवा अतिनील एलईडी लावा. अतिनील दिव्याकडे थेट बघू नका. अंधार पडल्यापासून साडेदहापर्यंत बसा. अमावास्येच्या आसपासची, ढगाळ, वारा नसलेली, पाऊस नुकताच थांबलेली रात्र सगळ्यात चांगली. पौर्णिमेला कापड जवळपास रिकामं राहतं. दिवा रस्त्यावरच्या दिव्यांपासून लांब हवा. उमरेड-भिवापूर पट्ट्यात आणि रामटेक-पारशिवनीकडे जंगलाला लागून असलेल्या गावांत वाघ-बिबट्याचा वावर असतो. तिथे दिवा गावाच्या आत, घराच्या गच्चीवर लावायचा. भुंगेरे गच्चीवरही येतात.

*छत्री आणि काठी.* दिवसाचा सगळ्यात उपयोगी प्रकार हाच. छत्री उलटी करून वाळक्या फांदीखाली धरा आणि फांदीला तीन-चार नेमके झटके द्या. सालीच्या रंगाचे छोटे भुंगेरे फांदीला इतके बिलगून असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. ते टपकतात आणि पाय आखडून मेल्याचं सोंग घेतात. म्हणून छत्रीतला कचरा लगेच झटकू नका, पूर्ण एक मिनिट थांबा. हिरव्या, जोमदार फांदीपेक्षा अर्धवट वाळलेली फांदी बरी. वादळात मोडून लोंबकळणारी असेल तर फारच छान.

*लाकडाचे ढीग.* सरपण, नुकती पडलेली झाडं, कुंपणासाठी तोडलेल्या बाभळी. हे संध्याकाळी उशिरा विजेरी घेऊन पाहा. ताज्या कापलेल्या लाकडावर माद्या अंडी घालायला येतात. साल पूर्ण सुटलेलं, पांढरं पडलेलं लाकूड बहुतेकदा निरुपयोगी असतं.

*सोयाबीनचं वावर.* ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सकाळी लवकर. याबद्दल पुढे सविस्तर.

लकडगंजातल्या लाकूडबाजारात किंवा आरामशीनवर सापडलेल्या भुंगेऱ्याबद्दल मात्र सावध राहा. तिथलं लाकूड चंद्रपूर-गडचिरोलीहून, छत्तीसगडहून किंवा परदेशातून आलेलं असू शकतं. सालवृक्ष पोखरणारा होप्लोसेरॅम्बिक्स स्पिनिकॉर्निस नागपुरात मिळाला, तर तो सालाच्या लाकडातून आला असण्याची शक्यता आधी धरायची, कारण आपल्याकडची जंगलं सागाची आहेत, सालाची नाहीत. अशी नोंद जरूर करा, पण "लाकडासोबत आला असावा, लाकूड अमुक ठिकाणचं" हे वाक्य त्यात असलंच पाहिजे. नवीन फर्निचरमधून घरात निघालेल्या भुंगेऱ्यालाही हेच लागू.

4. फोटो: सहा कोन, एक पट्टी

एकाच सुंदर फोटोवरून जात सांगता येत नाही. हे सहा हवेत:

1. थेट वरून, पूर्ण मिशांसह
2. बाजूने
3. समोरून चेहरा
4. छातीचा भाग जवळून, बाजूचे काटे दिसतील असा
5. पंखांचं शेवटचं टोक. ते गोल, कापल्यासारखं किंवा काटेरी असतं
6. पोटाची बाजू

त्यातल्या निदान एकात मिलिमीटरची पट्टी भुंगेऱ्याच्या पातळीवर ठेवा. पट्टी खाली आणि भुंगेरा डबीत वर असेल तर माप चुकतं. लांबी डोक्याच्या पुढच्या कडेपासून पंखांच्या टोकापर्यंत मोजतात, मिशा धरत नाहीत. मिशीचं प्रमाण वेगळं लिहा: "मिशी अंगाच्या सव्वापट." बहुतेक जातींत नराच्या मिशा मादीपेक्षा लांब असतात, त्यामुळे एकाच जातीचे नर-मादी दोन वेगळ्या जाती वाटू शकतात. आकारावरही विसंबू नका. अळीला लाकूड चांगलं मिळालं की नाही यावर प्रौढाचा आकार ठरतो, आणि एकाच झाडातून निघालेले दोघे दुपटीने लहान-मोठे असतात.

भुंगेरा स्थिर राहत नसेल तर डबी 10-15 मिनिटं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. काम झालं की जिथून घेतला तिथेच सोडा.

आणि फोटो व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखा पाठवू नका. त्यातली तारीख आणि ठिकाणाची माहिती निघून जाते, आणि बारकावेही दबतात. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कुणी तुम्हाला व्हॉट्सॲपवर भुंगेऱ्याचा फोटो पाठवला, तर तो कधीचा आणि कुठला हे लगेच विचारून घ्या. महिन्याभराने त्यालाही आठवत नाही.

5. उपकूळ ओळखा

जातीपर्यंत पोचायच्या आधी तीन ढीग करायला शिका. नागपूरकडे सापडणारे जवळपास सगळे या तिघांत बसतात.

*प्रायोनिनी:* मोठे, गडद तपकिरी, रात्रीचे. छातीच्या दोन्ही बाजूंना धारदार कड, आणि तिच्यावर दाते किंवा काटे.

*सेरॅम्बिसिनी:* डोकं पुढे झुकलेलं, छातीला बाजूची कड नाही. तोंडाजवळच्या स्पर्शकांचं शेवटचं पेर टोकाला आडवं कापल्यासारखं.

*लॅमिनी:* चेहरा सपाट आणि सरळ खाली उतरलेला, जणू भिंतीला नाक लावून उभा. स्पर्शकांचं शेवटचं पेर टोकदार. पुढच्या नडगीच्या आतल्या बाजूला तिरकी खाच.

बाजूचा फोटो का हवा, हे इथे कळतं. लॅमिनीचा चेहरा बाजूने पाहिला की एका क्षणात ओळखू येतो.

जुने संदर्भ पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. भारतातल्या या भुंगेऱ्यांवर गहान यांनी 1906 साली लिहिलेला ब्रिटिश भारताच्या जीवसृष्टी मालेतला खंड आजही वापरात आहे आणि इंटरनेटवर मोफत वाचता येतो. पण त्यात लॅमिनी उपकूळ नाही. आंब्याचा खोडकिडा आणि चक्रीभुंगा दोन्ही लॅमिनी. ते त्यात शोधत बसलात तर कधीच सापडणार नाहीत, किंवा वाईट म्हणजे दुसऱ्याच कुठल्या तरी वर्णनाशी जुळल्यासारखे वाटतील. शिवाय त्यातली बरीच नावं नंतर बदलली आहेत.

6. आधी या जाती शिकून घ्या

*चक्रीभुंगा, ओबेरिऑप्सिस ब्रेविस.* इथूनच सुरुवात करा, कारण हा शोधावा लागत नाही. 7 ते 10 मिलिमीटर, सडपातळ. डोकं, छाती आणि पंखांचा पुढचा भाग नारिंगी-पिवळसर, पंखांचा मागचा भाग काळा. मिशा जवळपास अंगाएवढ्या. मादी सोयाबीनच्या देठावर, फांदीवर किंवा खोडावर सुमारे एक ते दीड सेंटिमीटर अंतर ठेवून दोन चक्रं कोरते आणि दोहोंच्या मध्ये अंडं घालते. वरच्या चक्राच्या पुढचा भाग पाणी न मिळाल्याने सुकतो. हिरव्या वावरात एकटंच लोंबणारं वाळलेलं पान दिसलं की देठ वर करून पाहा, दोन चक्रं दिसली की नोंद पक्की. अळी आतून पोखरत खाली जाते आणि पीक पक्व होताना झाड जमिनीपासून 15 ते 25 सेंटिमीटरवर आतून कापते, म्हणून कापणीच्या आधी झाडं मोडून पडतात. नोंदीत पिकाचं वय, वाण आणि 1 मीटर ओळीत किती झाडांवर चक्रं दिसली ते लिहा. एका वावरात पाच वेगवेगळ्या जागी मोजा आणि पाचही आकडे लिहा, फक्त सरासरी नको. जिथे एकही चक्र दिसलं नाही त्या वावराचा शून्यही लिहा. शेतकऱ्यालाही या आकड्यांचा उपयोग होतो.

*आंब्याचा खोडकिडा, बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा.* आपल्याकडचा सगळ्यात देखणा लॅमिनी. लांबी बहुधा 3 ते 5 सेंटिमीटर, राखाडी-तपकिरी, छातीच्या दोन्ही बाजूंना काटा. छातीवर दोन नारिंगी-लालसर वाकडे डाग, पंखांवर पिवळे-नारिंगी ठिपके, पंखांच्या बुडाशी काळे खरखरीत दाणे आणि दोन पंखांच्या मध्ये सुरुवातीला पांढरा त्रिकोण. आंबा, उंबर-वडाच्या जातीची झाडं, फणस, सावर यांवर. खोडावरच्या भोकातून लाकडाचा भरड भुसा बाहेर पडलेला दिसतो. डागांच्या रंगावर ओळख ठेवू नका: मेलेल्या किंवा म्हाताऱ्या भुंगेऱ्यात लाल रंग फिका पडून पांढरट होतो, आणि याच वंशात पांढऱ्या ठिपक्यांच्या वेगळ्या जाती आहेत. जिवंत होता की मेलेला, हे म्हणूनच लिहायचं.

*बाभळीचा मूळकिडा, सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर.* मळकट पिवळा-करडा, अंगावर बारीक काळे ठिपके. प्रौढ दिवसा कोवळ्या फांद्यांची साल कुरतडताना दिसतो. मादी जिवंत रोपाच्या बुंध्याशी अंडी घालते, अळी खाली मुळात उतरते आणि बुडाशी भुशाचा ढीग टाकत राहते. धुऱ्यावरच्या लहान बाभळीच्या बुंध्याशी भुसा दिसला की तिथे पावसाळ्यात परत या.

*झायस्ट्रोसेरा ग्लोबोसा.* दिव्यावर येणारा, लालसर तपकिरी, पंखांवर चमकदार हिरवा-निळा उभा पट्टा. शिरीष आणि बाभूळ. एकदा पाहिला की विसरत नाही.

*क्लोरोफोरस ॲन्युलॅरिस.* बांबूतला. पिवळ्या अंगावर काळ्या खुणा, खांद्याजवळची खूण कडीसारखी. चाल आणि रंग गांधीलमाशीचा. बुरडांकडे साठवलेल्या बांबूत पाहा. बांबू कुठून आणला ते विचारायला विसरू नका.

*स्ट्रोमॅटियम बार्बाटम.* साधा तपकिरी, दिव्यावर नेहमीचा, म्हणून दुर्लक्षिला जाणारा. याची अळी सुक्या लाकडात वाढते, अगदी दाराच्या चौकटीतही, आणि वाळलेल्या लाकडात तिची वाढ फार सावकाश होते. घरात निघालेला भुंगेरा त्या वर्षीचा, त्या गावचा असेलच असं नाही, ते यामुळेच.

*इओलेस्थीस होलोसेरिसिया.* आता याला ट्रायरॅकिस वंशात ठेवतात. तपकिरी पंखांवर मखमली लव, उजेडाचा कोन बदलला की नक्षी बदलते. याचे वरून दोन फोटो घ्या, उजेड दोन बाजूंनी, नाहीतर ओळखणारा गोंधळतो. ऐन, अर्जुन आणि इतर कितीतरी झाडांवर.

*अकॅन्थोफोरस सेराटिकॉर्निस.* प्रायोनिनी, आणि भारतातल्या मोठ्या भुंगेऱ्यांपैकी एक. 7-8 सेंटिमीटरचा सहज असतो, करवतीसारख्या मिशा, नराचे जबडे भक्कम. हा दिव्याखाली आला की लोक घाबरून चिरडतात. गावात मुलांना आधीच सांगून ठेवा: मारू नका, डबा पालथा घाला आणि बोलवा.

वड-उंबराच्या पानांखाली सडपातळ, पांढऱ्या ठळक ठिपक्यांचा आणि फारच लांब मिशांचा दिसला तर ओलेनेकॅम्प्टस वंशाकडे बघा.

संत्र्याच्या बागांबद्दल वेगळं सांगायला हवं. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर भागात खोडावर भुसा आणि विष्ठेची जाळीदार नळी दिसली की ती लांब मिशांच्या भुंगेऱ्याची समजली जाते. बहुतेकदा ते काम साल खाणाऱ्या इंडरबेला अळीचं असतं, आणि तिचा पुढे पतंग होतो, भुंगेरा नाही. रेशमी जाळी असेल तर पतंगाची अळी. जाळीशिवाय भोकातून भरड भुसा गळत असेल तर भुंगेऱ्याची शक्यता.

भोकांचंही तसंच. गोल किंवा लंबगोल भोक या कुळाचं असू शकतं. एक बाजू सपाट असलेलं, आडव्या चंद्रकोरीसारखं भोक चकचकीत रत्नभुंगेऱ्यांचं. टाचणीएवढी भोकं आणि मैद्यासारखी पूड म्हणजे पूडकिडा. फक्त भोकावरून जातीचं नाव कधीच लिहू नका. अळीवरूनही नाही.

7. वहीत काय लिहायचं

जागेवरच लिहा, घरी जाऊन नाही. एक नमुना:

> नोंद क्र. 2
> 14 जुलै, रात्री 8.40
> गाव, तालुका काटोल, जि. नागपूर, शाळेमागची गच्ची
> 21.2731 उ., 78.5868 पू.; अचूकता 8 मी.
> पद्धत: अतिनील दिवा, कापड, पाऊस 6 वाजता थांबला
> संख्या 1, नर असावा; 24 मिमी; मिशी अंगाच्या दीडपट
> जवळची झाडं: शिरीष 2, बाभूळ, झाडावर पाहिला नाही
> ओळख: झायस्ट्रोसेरा, जात बहुधा ग्लोबोसा, ओळखलं कुणी, कशावरून
> फोटो 0112 ते 0119, सोडला

"जवळची झाडं" आणि "झाडावर पाहिला" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आंब्याच्या खोडावर विसावलेला भुंगेरा आंब्यातच वाढला असं ठरत नाही. खाताना, अंडी घालताना किंवा भोकातून निघताना पाहिला तरच ते त्याचं यजमान झाड, आणि यातलं नेमकं काय पाहिलं ते शब्दांत लिहा. झाडाचं नाव येत नसेल तर पान, साल आणि फळाचा फोटो घ्या. स्थानिक नाव जसं ऐकलं तसं लिहा. येन, मोईन, हिवर असंच लिहिलं तरी चालतं, पण ज्याच्याकडून ऐकलं त्याचं गावही लिहा, कारण दोन तालुक्यांत एकच नाव दोन झाडांना असतं.

गावाचं नाव तालुक्याशिवाय लिहू नका. सावंगी आणि बोरगाव विदर्भात ढिगाने आहेत. जिल्ह्यात 14 तालुके आहेत, त्यांची नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

अक्षांश-रेखांश दशांशात, चार स्थळांपर्यंत. चौथं स्थळ म्हणजे साधारण 11 मीटर, त्यापुढे जाण्यात अर्थ नाही. आकड्यांचा क्रम तपासा: नागपूरला आधी 21, मग 79. उलटे भरले तर तुमचा भुंगेरा उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर जाऊन पडतो, आणि संगणक तो मुकाट्याने स्वीकारतो. मोबाइल खिशातून काढल्याबरोबर दिसणारं ठिकाण कधीकधी आधीच्या जागेचं असतं. अर्धा मिनिट थांबा, अचूकता 10-15 मीटरवर आली की मग लिहा.

तारखेत महिना अक्षरांत लिहा. 7/8 म्हणजे सात ऑगस्ट की आठ जुलै, हा वाद नंतर कुणालाच सोडवता येत नाही.

8. नोंद पुढे पाठवा

वहीतली नोंद वहीतच राहिली तर दुसऱ्याला तिचा उपयोग नाही. सगळ्यात सोपं म्हणजे आयनॅचरलिस्ट हे निसर्गनोंदींचं ॲप. तिथे फोटो, तारीख आणि ठिकाण असलं आणि मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त लोक एका जातीवर सहमत झाले, की नोंद संशोधन दर्जाची होते आणि जीबीआयएफ या जागतिक विदागारात जाते. मात्र निरीक्षणाचा परवाना "सर्व हक्क राखीव" असा ठेवलात तर ती पुढे जात नाही. खातं उघडतानाच ही गोष्ट तपासा. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल हाही पर्याय आहे, पण एकच नोंद दोन्हीकडे टाकलीत तर तसा उल्लेख करा.

ॲप स्वतःहून नाव सुचवतं. या कुळात ते सुचवणं पुष्कळदा चुकतं, कारण त्याने युरोप-अमेरिकेचे फोटो जास्त पाहिलेले असतात. सुचवलेली जात भारतात सापडते का ते नकाशावर पाहा. खात्री नसेल तर उपकूळ किंवा वंशापर्यंतच थांबा. "लॅमिनी" एवढंच लिहिलेली खरी नोंद, जातीचं चुकीचं नाव लावलेल्या नोंदीपेक्षा चांगली. आणि मैत्रीखातर कुणाच्या नावाला "सहमत" दाबू नका. दोन नवख्यांनी एकमेकांना सहमती दिली की चूक पक्की होऊन बसते, आणि ती पुसायला जाणकाराला वेळ घालवावा लागतो.

पिकावरचा प्रश्न असेल तर महाराजबागेजवळचं कृषी महाविद्यालय किंवा अमरावती रोडवरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था. जंगलातल्या झाडांसाठी जबलपूरची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था. नमुन्यासाठी पुण्याचं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र. जाण्याआधी फोटो आणि नोंद पाठवून विचारा.

9. मेलेला सापडला तर

दिव्याखाली मेलेले पडलेलेच गोळा करा, सुरुवातीला तेवढे पुरतात. टाचणी नेहमी उजव्या पंखातून, वरच्या भागात, मधल्या शिवणीतून नाही. 3 नंबरची कीटक-टाचणी बहुतेकांना चालते. शिवायची साधी टाचणी गंजते. खाली दोन चिठ्ठ्या: एकीवर ठिकाण, तारीख, पद्धत, गोळा करणारा, दुसरीवर ओळख. चिठ्ठी नमुन्यापासून वेगळी झाली तर नमुना टाकून दिल्यासारखाच. नागपूरच्या पावसाळ्यात पेटीत बुरशी येते, म्हणून सिलिका जेल ठेवा आणि ते ओलावलं की तापवून वाळवा. पेटीच्या तळाशी बारीक भुकटी दिसली तर नमुने खाणारे किडे शिरले आहेत. पेटी पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा.

10. हिवाळ्यात लाकूड ठेवा

नोव्हेंबर ते एप्रिल प्रौढ फारसे मिळत नाहीत, पण झाड आणि भुंगेरा यांचं नातं पक्कं करायचा हाच काळ. मालकाच्या परवानगीने नुकती वाळलेली, आत पोखरलेली फांदी घ्या, मनगटाएवढी जाड, हातभर लांब. पत्र्याच्या डब्यात उभी ठेवा आणि तोंडाला धातूची जाळी बांधा. कापड आणि प्लास्टिक ते कुरतडून निघून जातात. डबा सावलीत ठेवा आणि आठवड्यातून एकदा लाकडावर थोडं पाणी शिंपडा. जास्त पाण्याने बुरशी येते आणि अळ्या मरतात. झाडाचं नाव, जागा आणि तोडल्याची तारीख पेन्सिलीने दोन चिठ्ठ्यांवर लिहा, एक डब्यात, एक बाहेर चिकटवलेली. एका डब्यात एकाच झाडाचं लाकूड. दोन प्रकारचं एकत्र ठेवलंत तर निघालेला भुंगेरा कशातला, हे सांगता येणार नाही.

जूनपासून रोज सकाळी डबा पाहा. आधी बारीक गांधीलमाश्यांसारखे परजीवी निघाले तर तेही लिहा आणि ठेवा. पहिल्या पावसाळ्यात काहीच निघालं नाही म्हणून लाकूड चुलीत घालू नका. काही जातींना दोन वर्षं लागतात, तेव्हा डबा दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटापर्यंत तसाच राहू द्या.